मोघे पान टाकत नाहीत

इस्पिकची पंजी आणि इस्पिकची सत्ती हातात आली, की शहाणा माणूस पानं टाकून चहा घेतो. आमचे मोघे मूठभर चिंचोके पुढे लोटतात आणि म्हणतात, "अहो, शक्यता आहे."

दर रविवारी दुपारी कसब्यात दामल्यांच्या माडीवर आमचा पोकर चालतो. दामल्यांच्या जावयाने शिकवला. हातात दोन पानं, मध्ये उघडत जाणारी पाच, आणि पैशांऐवजी चिंचोके, कारण आम्ही सगळे पेन्शनर आणि पुणेकर. नियम एकच कडक: पानं टाकली, म्हणजे डाव सोडला, की तो संपेपर्यंत तोंड बंद. एकदा कुणीतरी "माझा राजा गेला हो" म्हणून हळहळला आणि दुसऱ्याचा डाव फोडला, तेव्हापासूनचा.

मोघे जन्मभर विम्याच्या कचेरीत होते. आभाळ निरभ्र असलं तरी छत्री बरोबर. विश्रांतवाडीहून येताना बस पूर्ण थांबून कंडक्टर ओरडल्याशिवाय पाय खाली ठेवत नाहीत. पण पत्त्यांना बसले की अंगात येतं. समोरचा एक्क्यांची जोडी घेऊन बसलाय हे आंधळ्यालाही दिसावं, तरी हे रेटतच राहणार. वर तोंडाची टकळी: एक इस्पिक येऊ द्या, आमची ही असती तर खेळा म्हणाली असती, भेंडी काय भावाने आणलीत. कधीकधी ते इस्पिक खरंच येतं आणि आमचे सगळ्यांचे चिंचोके त्यांच्याकडे जातात. त्याचा राग जास्त. चुकीचं खेळून जिंकणारा माणूस पुण्यात कुणालाच सहन होत नाही.

शेवटी दामल्यांनी सुनावलं. "मोघे, नीट खेळणार असाल तर या. नाहीतर बागा विश्रांतवाडीतही आहेत."

पुढच्या रविवारी मोघे नीट खेळले. तिर्री-नव्वी, टाकली. छक्की-गुलाम, टाकली. डावामागून डाव ते हात मांडीवर ठेवून बसून राहिले. खेळ अगदी शास्त्रशुद्ध झाला आणि तितकाच रटाळ. चहाच्या वेळी दामले खूश होऊन म्हणाले, जमतंय की तुम्हाला.

मोघे कपात बघत राहिले. "जमतंय. पण अहो, गप्प बसायला माझं घर आहे. ही गेल्यापासून तिथे तेच करतो. इथे पानं टाकली की पुन्हा तेच."

मला फार वाईट वाटलं. दामल्यांनी पानं वाटली. मोघ्यांनी आपली उचलून पाहिली आणि टाकायला हात पुढे केला.

"का? शक्यता नाही वाटतं?" दामल्यांनी विचारलं. आवाज नेहमीसारखाच तिरकस होता.

मोघ्यांनी हात मागे घेतला, चिंचोके लोटले आणि भेंडीपासून सुरुवात केली. एकेकाने पानं टाकली. माझी पाळी आली. माझ्याकडे बदामची दुर्री आणि किलवरची सत्ती, म्हणजे निव्वळ कचरा. मी मूठभर चिंचोके पुढे सारले. मीही पानं टाकली असती तर डाव तिथेच संपला असता, आणि मोघे अजून भेंडीवरच होते.