नानांच्या घरचा फॉल्ट

नाना सुर्वे कुणाकडे गेले की आधी स्विचबोर्डाला हात लावतात. तळहात नाही, हाताची मागची बाजू. तापलेल्या पोराच्या कपाळाला आई लावते तशी. मग विचारतात, "कधीपासून?"

बोर्ड उघडायची घाई त्यांना कधीच नसते. "स्क्रूड्रायव्हर शेवटी. आधी चौकशी." दिवा गेला तेव्हा मिक्सर चालू होता का, भिंतीला ओल येते का, बटण दाबताना चर्र आवाज येतो का, सगळं विचारून घेणार. वरच्या जोशीकाकू एकदा वैतागून म्हणाल्या, "नाना, बटण बिघडलंय माझं. स्थळ नाही बघायचंय." नाना शांतपणे म्हणाले, "वहिनी, कणीक मळता मळता ओल्या हाताने दाबता ना?" दाबत होत्या.

नाना कल्याणजवळ मोहने इथल्या एका कारखान्यात वायरमन होते. शिक्षण नववी. मी बी.एस्सी., फिजिक्स, फर्स्ट क्लास. हे मुद्दाम सांगते, कारण माझे वडील कल्याणच्या मार्केटात हमाली करायचे आणि आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्यामुळे आमचा मेन स्विच सारखा पडायला लागला तेव्हा मी नानांना ओहमचा नियम समजावून सांगितला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतला. मग घरातलं सगळं बंद करायला लावलं, मेन वर केला आणि एकेकाला हाक मारली. "फ्रीज, या. टीव्ही, या." गिझरची पाळी आली आणि मेन खाली.

"ओहम बरोबरच आहे गं सुजाता," नाना म्हणाले. "पण तुझ्या गिझरची कॉइल गेलीये, ते त्याला कुठून कळणार?"

अशा माणसाच्या स्वतःच्या घरात मात्र एक फॉल्ट होता. दारावरची बेल दाबली की स्वयंपाकघरातला बल्ब लागायचा. बोट काढलं की विझायचा. अख्ख्या बिल्डिंगला माहीत होतं. कुणी विचारलं की नाना म्हणायचे, "शोधतोय. सापडत नाहीये."

गेल्या वर्षी सोसायटीने सगळ्या बिल्डिंगचं वायरिंग बदलायचं ठरवलं. कंत्राटदाराच्या कामावर लक्ष ठेवायला जाणता माणूस हवा होता. नानांना ते काम हवं होतं, आणि ते त्यांना लपवताही येत नव्हतं. इस्त्रीचा शर्ट घालून मीटिंगला आलेले. चार्ट पेपरवर तीन रंगांच्या पेनांनी एकेका फ्लॅटचं वायरिंग काढून आणलेलं.

सेक्रेटरी पाटील चार्ट बघून म्हणाले, "नाना, तुमच्याकडे बेल वाजवली की बल्ब लागतो. तेवढं आधी दुरुस्त करा, मग आमची बिल्डिंग बघा. पुढच्या रविवारी ठरवू."

लोक हसले. नानांनी चार्टची गुंडाळी केली.

मला राग आला. थोडा पाटलांचा, थोडा नानांचाही. दुसऱ्या दिवशी टेस्टर घेऊन मी खाली त्यांच्याकडे गेले. दार उघडंच होतं. सुर्वेकाकू ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. मी तीन हाका मारल्या. त्या भाजी चिरत राहिल्या. कामाच्या नादात असतील म्हणून मी मेन बंद केला आणि बेलचं झाकण काढलं.

आतून एक जादा वायर निघाली होती. पट्टीतून सरळ, ठिकठिकाणी क्लिपा मारून, स्वयंपाकघरातल्या बल्बापर्यंत नेलेली. जोड टेपने नीट गुंडाळलेले. चुकून लागलेली वायर इतकी देखणी नसते.

मी मेन चालू केला तेवढ्यात नाना पिशवी घेऊन दारात आले. माझ्या हातातलं झाकण बघितलं. त्यांनी बेल दाबली. ओट्यावरचा बल्ब लागला आणि काकू वळल्या.

"आले, आले. किती वाजवता? ऐकू येतं मला." मग मला बघून म्हणाल्या, "अगं, तू कधी आलीस? बघ ना, यांना एवढा बल्ब दुरुस्त होत नाही."

नाना मला जिन्यापर्यंत सोडायला आले. "दीड वर्ष झालं. डॉक्टरांकडे चल म्हटलं की रुसते. म्हणते, बहिरी म्हणताय मला? बायकांमध्ये कळलं ना, तर ती खाली बसायला यायची नाही."

"आणि ते काम, नाना?"

ते पिशवीत बघत राहिले. "मटार आणलाय," म्हणाले. "सोलायला बसतेस का?"

रविवारी काकूही मीटिंगला आल्या, बायकांमध्ये पुढे बसल्या. पाटलांनी मलाच विचारलं, "सुजाताताई, तुम्ही बघून आलात म्हणे. सापडला का फॉल्ट?"

"नाही सापडला."

"फिजिक्सच्या ना तुम्ही?"

"हो. फर्स्ट क्लास."

"तरी?"

"तरी."

सगळे हसले. त्यांच्या मागोमाग, जरा उशिरा, सुर्वेकाकूही हसल्या. काम बाहेरच्या एका माणसाला गेलं. नाना उठले, आपला चार्ट पाटलांच्या टेबलावर ठेवला. "त्यांना द्या. चौथ्या मजल्याचं अर्थिंग कच्चं आहे, तिथून सुरू करा म्हणावं."

काकूंनी विचारलं, "काय ठरलं हो?"

नाना त्यांच्या अगदी समोर जाऊन उभे राहिले, ओठ नीट दिसतील असे, आणि सावकाश म्हणाले, "मला सुट्टी दिली. चल घरी."