जर्मनवर गुलाल, जपानीवर गुलाल

"येत्या शुक्रवारी दिवस मावळायच्या आत गाडी ठरणार म्हणजे ठरणार! आणि ती मी ठरवणार. मी!"

असं म्हणून भागवतनं कप इतक्या ठसक्यात ठेवला की बशीचा टवका उडाला. भारतीनं टवका उचलून कचऱ्यात टाकला आणि शांतपणे विचारलं, "आणि न्हाई ठरली तर?"

"न्हाई ठरली तर आबा म्हणतील ती घेईन. शब्द!"

हा शब्द साधासुधा नव्हता बरं का. आबा म्हणजे भागवतचे वडील. त्यांच्या मते जगात गाडी एकच, जिला दोन्ही अंगांनी दुधाच्या किटल्या अडकवता येतात ती. भागवतला हवी होती डोंगर चढणारी, ओढे-नाले तुडवणारी, लडाखला जाऊन आली तरी दम न लागणारी मोटरसायकल. घोडेगावात हायवेला त्याचं खता-औषधांचं दुकान. गिऱ्हाईक नसलं की तो मोबाईलवर असल्या गाड्यांचे व्हिडिओ बघायचा. गिऱ्हाईक असलं तरी बघायचा. बघून बघून दोनच गाड्या उरल्या, एक जर्मन आणि एक जपानी. अन् तिथं जे घोडं अडलं ते गेल्या दिवाळीपासून जागचं हललं नव्हतं.

सकाळी उठला की भागवत जर्मन असायचा. "चेनच न्हाई तिला! तेल पाजायची कटकट न्हाई!" दुपारी भाकरी पोटात गेली की जपानी व्हायचा. "जपानी इंजिन म्हणजे नातवापर्यंत जातं, भारती!" दिवेलागणीला परत जर्मनी. एकदा तर झोपेत "सस्पेन्शन!" म्हणून ओरडून त्यानं भारतीच्या कमरेत गुडघा घातला होता. ती आठवडाभर चेन निसटलेल्या गाडीसारखी चालत होती.

भारतीला याचं काही नवल नव्हतं. तिला बघायला आला तेव्हा भागवतनं दोन बशा पोहे संपवले, "कळवतो" म्हणाला आणि पुढं कित्येक महिने कळवलंच नाही. शेवटी आबाच तिच्या माहेरी सोनईला जाऊन सुपारी फोडून आले. दुकानाची जागा आबांनी ठरवली, लेकीचं, निकिताचं कॉलेज आबांनी ठरवलं, भागवतची मिशी केवढी ठेवायची हेही आबांनीच.

"तुझ्या बाबतीत आबांचं चुकलं असं न्हाई म्हणत मी," भागवत खाली बघत म्हणाला. "पण एक तरी गोष्ट मानसानं स्वतःच्या तोंडानं ठरवावी का न्हाई?"

भारती विरघळली. "ठरवा की. मी कुठं आडवी आले?"

बेत मोठा नामी होता. रंभाजी आबा म्हणजे घोडेगावच्या बैलबाजारातले जुने दलाल. शुक्रवार बाजाराचा, तेव्हा आबा झुंजुमुंजूलाच घराबाहेर. घर मोकळं! भागवतनं पुण्याच्या दोन शोरूमना फोन करून गाड्या दारात दाखवायला बोलावल्या. जर्मनवाल्यांना सकाळी, जपानीवाल्यांना दुपारची जेवणं झाल्यावर. एकाला दुसऱ्याचा सुगावा नाही. दोघांनाही त्यानं एकच सांगितलं होतं, "तुमचीच घ्यायची, फक्त एकदा बसून बघतो."

शुक्रवार उजाडला. सकाळ गेली, जर्मन येईना. कशी येणार? बाजाराच्या दिवशी हायवेवर बैलांचे टेम्पो मुंगीला वाट देत नाहीत. आणि जपानीवाला निघाला भलताच उत्साही. तो जेवणाआधीच हजर झाला. पार्थ त्याचं नाव. त्यानं गाडी अंगणात लावून "नमस्कार सर!" म्हणायला आणि मागून धुडधुड करत जर्मन आत यायला एकच गाठ पडली.

जर्मनवरून उतरली ती एक मुलगी, मोनिका. उंचीला भागवतच्या कानाएवढी, पण एवढं अडीचशे किलोचं धूड तिनं शेळी बांधावी तसं जागेवर लावलं.

पार्थनं भुवया उंचावल्या. "सर, ह्या कोण?"

"पाव्हण्या," भागवत म्हणाला.

"ह्या गाडीवर?"

"त्या... तशाच येतात."

"आणि हे कोण, सर?" मोनिकानं विचारलं.

"हे पन पाव्हणेच!"

भारती पाण्याचा तांब्या घेऊन आली होती ती तोंडाला पदर लावून आत पळाली. आणि नेमके त्याच वेळी आबा भाकरी खायला घरी आले.

आता आबांच्या डोळ्यांनी बघा. सगळा जन्म बाजारात गेलेला. दारात दोन उमदी जनावरं शेजारी शेजारी उभी. आबांच्या हिशेबी याचा अर्थ एकच होता, तिथं दुसऱ्या अर्थाला जागाच नव्हती. पोरानं जोडी आणली!

"आरं तिच्या!" आबांचा फेटा आनंदानं हलला. "जोडी आनलीस? नि बापाला बोललाबी न्हाईस?"

"आबा, जोडी न्हाई ती..." भागवत बोलायला गेला, पण पार्थ ऐकत होता, मोनिका ऐकत होती. पुढं काय सांगणार?

आबा कशाला थांबतात! त्यांनी जपानीच्या पाठीवरनं हात फिरवला, जर्मनच्या पुढ्यात बसकण मारली. तिचं इंजिन दोन्ही कुशींतून बाहेर आलेलं. "ह्येचं प्वॉट का फुगलंय? चारा बदलला का?"

"काका, ते इंजिन तसंच असतं," मोनिका म्हणाली.

"आन् ही चोच? पुढं चोच कशाला?"

"चिखल उडू नये म्हणून, काका. आमच्या पण गाडीला आहे," पार्थ घाईनं म्हणाला.

"म्हंजी दोघांस्नी चोच! झाक जमलीय जोडी!" आबा खुशीत उठले. कंबरेची पिशवी सोडली आणि दोन मुठी भरून गुलाल, एक जर्मनच्या पाठीवर, एक जपानीच्या!

घोडेगावात पाठीवर गुलाल पडला की सौदा झाला. मग देव जरी खाली आला तरी जनावर दुसऱ्याला मिळत नाही. आबांचे जोडीदार दलाल गोरक्ष दारातच उभे होते. त्यांनी हाळी दिली, "रंभाजीच्या भागवतनं जोडी घेतली रं!"

मग काय विचारता! अर्धा बाजार अंगणात लोटला. कुणी आरसे बैलाच्या कानासारखे धरून बघतोय, कुणी चाकाला लाथ मारून बघतोय. एका म्हातारबानं जर्मनला पेंडीचा तुकडा दाखवला. "पेढं कुठायत?" म्हणून पोरं ओरडायला लागली.

पार्थनं गोरक्षांना विचारलं, "काका, हा गुलाल म्हणजे काय?"

"इकली तुमची गाडी!"

पार्थनं कोपऱ्यात जाऊन साहेबांना फोन लावला, "सर, झाली!" दुसऱ्या कोपऱ्यात मोनिका, "सर, झाली!" मग दोघांनी वळून एकमेकांकडं बघितलं. नंतर दोघांनी मिळून भागवतकडं बघितलं.

भागवत पेरूच्या झाडामागं होता.

"अगं, काहीतरी कर!" त्यानं भारतीचा पदर धरला. "दोन कशा घेऊ? दुकान इकू का?"

"सांगा की मामांना, एकच घ्यायचीय म्हणून."

"एवढ्या बाजारासमोर? आबांचा गुलाल आजवर माघारी फिरला न्हाई. गोरक्षकाका जन्मभर बोलून दाखवतील त्यांना!"

हे मात्र खरं होतं. आबांची सगळी इज्जत त्या पिशवीत होती. भारतीनं क्षणभर विचार केला, पदर खोचला आणि गर्दीत शिरली.

"मामा," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "जुंपून न बघता गुलाल टाकला व्हय तुमी?"

आबांचा चेहरा पडला. खरंच की! बैल जुंपून, चार पावलं चालवून बघितल्याशिवाय गुलाल? हे म्हणजे मुलगी न बघता लग्नाचा मांडव घालण्यासारखं!

"आन् जुंपल्यावर जनावर खाली बसलं तर सौदा मोडतो," भारतीनं हळूच पुढं सरकवलं. "तुमीच सांगता की."

"मोडतो! गुलाल असला तरी मोडतो!" आबांच्या जिवात जीव आला. "रीतच हाय ती. भागवत, जुंप!"

भारती भागवतच्या कानाशी लागली. "जी नको ती पाडा. सुटलो."

"कुठली नको?"

"ते तुमी ठरवनार हुता ना!"

भागवत आधी जपानीवर चढला. चढला म्हणजे गोरक्षांनी ढुंगणाला टेकू दिला म्हणून. वर बसल्यावर लक्षात आलं की सीट माळ्याएवढी उंच आहे आणि पाय जमिनीला लागत नाहीत, नुसते अंगठे पुसटसे टेकतात. तो गाडी चालू करून जागेवरच विचार करायला लागला. हिला पाडावं? पण इंजिन नातवापर्यंत जाणारं! मग जर्मनला पाडावं? पण तिला चेन नाही! बरं, जपानीची पेट्रोलची टाकी...

टाकीपर्यंत पोचायच्या आत जपानी आपल्या मनानं कलली आणि हळूच, लाजत लाजत, गोठ्यापुढच्या शेणात आडवी झाली. अंगाला लोखंडी गार्ड होते म्हणून ती वाचली. भागवतला गार्ड नव्हते.

"बसलं!" बाजार ओरडला.

चला, मिटलं की! जपानीचा सौदा मोडला, राहिली जर्मन. तुम्ही-आम्ही हात जोडले असते. पण भागवतनं शेणात पडलेल्या जपानीकडं बघितलं. हीच चांगली होती की काय? तो तसाच मागं बघत जर्मनवर चढला, मागं बघतच क्लच सोडला, आणि जर्मन एक ढुशी मारून फुगलेल्या पोटावर रेलली.

"हेबी बसलं!"

आबांनी दोन्ही हात वर केले. "दोन्ही बसली! सौदा मोडला! रीतीनं मोडला!"

आबांचा शब्द राहिला. बाजार पांगायला लागला. जाता जाता कुणीतरी म्हणालं, "जनावरं चांगली हुती. हाकनारा बसका." हसू पिकलं. आबांनी ते ऐकलं. त्यांनी फेटा काढला, झटकला, उगाच परत बांधला आणि भागवतजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "जाऊ दी. मी बघतो तुझ्यासाठी एक. किटलीवाली."

भागवत शेणात बसून होता. समोर मोनिका जर्मनकडं पाठ करून उभी राहिली, मागं हात घालून गाडी धरली, दोन पायांवर जोर देत मागं रेलली, आणि गाडी उभी! कुणाचा हात नाही, टेकू नाही.

"तुमचे तरी पाय पुरतात का हो?" भागवतनं विचारलं.

"कुठले पुरतात, सर!" ती हसली. "दोन्ही पाय टेकायचे असतील तर पलंग घ्यावा माणसानं. गाडी चालू लागली की पाय कशाला लागतात?"

भागवत उठला. मागची बाजू झटकली. "आणा चावी."

"जनावर एकदा बसलं की त्या दिशी परत जुंपत न्हाईत!" आबा ओरडले.

"ते बैलाचं, आबा!"

गोरक्षांचा टेकू, क्लच, आणि जर्मन निघाली! अंगणातून रस्त्यावर, दुकानापासून देवळापर्यंत, देवळाला वळसा घालून परत. भागवतच्या अंगात वारं भरलं. पोट वाजतंय, चोच पुढं, सगळा गाव बाजूला सरतोय! घरापुढं आला, भारतीला हात केला आणि सरळ पुढं गेला.

"थांबले का न्हाईत?" भारतीनं विचारलं.

"थांबायचं म्हणजे पाय टेकावा लागेल ना," मोनिका म्हणाली.

दुसऱ्या फेरीला भागवत ओरडत गेला, "भारती, थांबवू कशी?" तिसऱ्या फेरीला त्याच्यापुढं दोनच वाटा होत्या. देवळाची पायरी नाहीतर गोरक्षांची म्हैस. अन् ऐका, आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसानं विचार न करता दोन्ही सोडल्या आणि घराकडं वळवली! मोकळ्या गळ्यानं ओरडला, "घेतली! हीच घेतली! धरा!"

आबा सगळ्यांत पुढं. त्यांनी धोतर खोचलं आणि उधळलेला खोंड धरतात तसे हँडलला लटकले. मागून गोरक्ष, बाजूनं पार्थ, पलीकडनं भारती. गाडी उभी राहिली.

"खरंच हीच?" भारतीनं धापा टाकत विचारलं.

"हीच. जर्मन. मी ठरवली."

आबांनी लेकाकडं बघितलं. पिशवीत तळाला उरलेला गुलाल काढून त्यांनी या खेपेला गाडीच्या पाठीवर टाकला नाही, भागवतच्या कपाळाला लावला. पार्थ बिचारा मोठ्या मनाचा, त्यानं पहिली टाळी वाजवली. भारतीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती म्हणाली गुलाल गेला डोळ्यात. दिवस अजून मावळला नव्हता!

"अभिनंदन, सर!" मोनिकानं मोबाईल काढला. "आता लगेच बुकिंग टाकते. फक्त एवढं सांगा, रंग कुठला? पांढरा, काळा आणि हिरवा आहे. सामानाच्या पेट्या पत्र्याच्या की प्लॅस्टिकच्या? आणि सीट तीन उंचीत येते."

भागवतनं तोंड उघडलं. "पांढरा..." मग मिटलं. मग आभाळाकडं बघितलं. "काळा मळत न्हाई तसा... पण हिरवा..."

दिवस मावळला. आबा गोठ्याकडं गेले. पार्थ जपानी धुऊन घेऊन निघून गेला.

भारतीनं अंगणातला दिवा लावला आणि मोनिकाच्या हातातलं हेल्मेट काढून घेतलं. "ताई, आत या. भाकरी टाकते. आन् घरी फोन करून सांगा, आज काय तुमचं येनं हुत न्हाई म्हणून."