चार मिनिटं किंवा पाऊण तास

सासऱ्यांच्या गाडीचं दुखणं मी आठ दिवसांत शोधून काढतो, असं मी भर जेवणात सांगून टाकलं. वीस वर्षं वर्तमानपत्रात काढलेला माणूस मी. ज्या गोष्टीची वेळ मिनिटाला धरून लिहिता येते, ती माझ्या हातून सुटत नाही!

गाडी चाळीस वर्षांची. दोघा भावांनी मिळून हौसेनं घेतलेली. पेट्रोल इंजेक्शनचं इंजिन तेव्हा नवलाईचं होतं. सकाळी थंड असताना एका किल्लीत सुरू. पण गरम झाल्यावर बंद केली की रुसलीच.

"माझ्यावर गेलीय," सासरे कौतुकानं म्हणत.

"छे, ती थंड झाल्यावर बोलते तरी," सासूबाई म्हणत.

दुखणं बरं होणं मात्र निकडीचं होतं. मेव्हणीचं लग्न ठरलं होतं आणि तिची एकच अट होती: थोरले काका आले पाहिजेत. थोरले काका म्हणजे सासऱ्यांचे मोठे भाऊ. पूर्वी गाडी तेच चालवायचे. ती कुणी ठेवायची यावरून अकरा वर्षांपूर्वी बिनसलं, तेव्हापासून अबोला. सासरे कसेबसे तयार झाले. "याच गाडीतून जाईन, पत्रिका हातात ठेवीन, चार मिनिटांत निघेन. पण त्याच्या दारात गाडी ढकलायची वेळ आली, तर लग्नाला मीच येणार नाही."

मी वही उघडली. रोज गाडी तापवायची, बंद करायची, ठरावीक मिनिटांनी किल्ली फिरवायची. पाइपांवर ओलं फडकं ठेवलं, बॅटरी बदलली, फिल्टर बदलला. गॅरेजवाला म्हणाला, "साहेब, उष्णतेनं पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते. पार्ट मागवतो, दोन महिने लागतील." लग्न तीन आठवड्यांवर!

बत्तीस नोंदींनंतर निष्कर्ष हाती आला. बंद केल्यावर पाच मिनिटांच्या आत गाडी सुरू होते. पाऊण तासानंतरही होते. मधल्या वेळात काही केल्या होत नाही.

"मग गाडी कशाला दुरुस्त करायची?" मी म्हटलं. "भेटीच दुरुस्त करू. कुठेही चार मिनिटं किंवा पाऊण तास."

"तुमच्याशी लग्न करताना मी किती मिनिटं विचार केला होता, तेही लिहा," बायको म्हणाली.

रविवारी आम्ही चौघं पत्रिका वाटायला निघालो. पहिली भेट सासूबाईंच्या आत्याची. आत्या चहाचं आधण ठेवून बाहेर आली, तोवर आम्ही चपला घालत होतो. "कुणी चावलं का रे तुम्हाला?" ती जिन्यातून विचारत राहिली.

दुसरी भेट सासऱ्यांच्या जुन्या साहेबांची. ते कुलूप हातात घेऊन बाहेर पडण्याच्या तयारीत. पण पत्रिका वाचायला चष्मा सापडेना आणि पाच मिनिटं उलटली. झालं, आम्ही पाऊण तास ठाण मांडलं. चाळिसाव्या मिनिटाला साहेबांनी हलकेच विचारलं, "काही अडचण आहे का? मोकळेपणी सांगा."

तेवढ्यात साहेबांच्या पत्नींनी हौसेनं आपल्या या जुन्या मैत्रिणीला, आत्याला, फोन लावला, मंडळी पाऊण तास इथेच बसलीत म्हणून सांगितलं आणि फोन सासूबाईंच्या हातात दिला. "त्यांच्याकडे पाऊण तास आणि माझ्याकडे चार मिनिटं? मी लग्नाला येत नाही," आत्या म्हणाली. फोन बंद.

"एकाला आणायला निघालो आणि एकीला घालवून बसलो," सासूबाई गाडीत म्हणाल्या. मी ते लिहिलं नाही.

थोरल्या काकांकडे काकूंनी दार उघडलं. काका आंघोळीला गेले होते. पाचवं मिनिट संपलं तरी आत पाणी पडतच होतं. मी बायकोला खूण केली. आता पाऊण तास.

काका डोकं पुसत बाहेर आले आणि थबकले. "आलास?"

"आलो."

त्यानंतर दोघंही पंख्याकडे बघत बसले. अधूनमधून सासरे माझं मनगट ओढून घड्याळ बघत.

"घाई आहे?" विसाव्या मिनिटाला काकांनी विचारलं.

"आहे. म्हणजे अजून पंचवीस मिनिटं नाही."

काकांनी खिडकीतून खाली पाहिलं. "गरम असताना सुरू होत नाही ना अजून?"

"नाही होत," सासरे म्हणाले.

काका उठले, कपाटातून तेलाचे डाग पडलेलं एक पातळ पुस्तक काढलं आणि माझ्या हातात दिलं. "जावईबापू, पान सतरा. मोठ्यानं."

मी वाचलं. "इंजिन गरम असल्यास ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा आणि मग किल्ली फिरवावी."

सगळे खाली उतरलो. काका चालकाच्या जागी बसले, पाय दाबला, किल्ली फिरवली. गाडी दोनदा खोकली आणि सुरू झाली. सव्विसावं मिनिट!

"पुस्तक तुझ्याकडे होतं?" सासरे म्हणाले.

"तू गाडी नेलीस तेव्हा मुद्दाम ठेवून घेतलं. म्हटलं, आठ दिवसांत विचारायला येशील."

"अरे, अकरा वर्षं?"

"आण ती पत्रिका," काका म्हणाले. "आणि बसा सगळे. मी चालवतो. कुठे जायचंय?"

"आत्याकडे," सासूबाई म्हणाल्या. "चांगली सव्वीस मिनिटं बसायचंय."

निघण्याआधी काकांनी माझी वही मागितली. वेळ, ऊन, फडकं, बॅटरी, सगळं सावकाश वाचलं. "सुरेख लिहिता. फक्त पाय कुठे होता ते राहिलं."

तेहतिसावी नोंद मी आत्याच्या घरी, चहा पिता पिता केली. बंद: सव्वीस मिनिटं. चालू: पहिल्याच किल्लीला. बिघाड: चालक.