पास्कलभाऊंची परवानगी

सहा महिन्यांच्या पोराला "बाळा, टोचू काय?" असं विचारून उत्तराची वाट पाहणारा सरकारी नोकर मी एकच पाहिला. पास्कलभाऊ. एकोणीसशे पंचावन्न-छप्पनच्या सुमाराला ते अमरावतीकडच्या खेड्यांतून देवीची लस टोचायचे. पोर हसलं तर होकार. रडलं तर भाऊ खिशातून खुळखुळा काढून त्याला फेरविचाराची मुदत देत. मागं रांग उन्हात भाजत राही. लोकशाही म्हणतात ती हीच असावी.

मी त्यांच्याबरोबरचा कारकून. घराण्यातला पहिला बी.ए., त्यामुळे जगातलं सगळं मला कळत होतं. तान्ह्या पोराची परवानगी कशाला, एवढंच कळत नव्हतं, म्हणून विचारलं.

"मिशनातल्या फादरनं पुस्तक देल्लं होतं," भाऊ म्हणाले. "पयले हे लस समुद्रापार न्याची, त अनाथ पोरायच्या दंडात नेत. एकाचा फोड पिकला का त्यातून दुसऱ्याले टोचाचं. कोनी इचारलं त्यायले?"

भाऊ स्वतः मोठ्या दुष्काळात उरलेलं, मिशनच्या अनाथालयात वाढलेलं लेकरू.

"मंग फादरले पुसलं, अशा लसीले हात लावनं पाप हाय काय? ते म्हने, ज्यायनं केलं त्यायचं पाप त्यायच्यापाशी. तू जीव वाचवाले खुशाल वापर. पन झालं ते बरं झालं, असं कधी म्हनू नोको."

एवढ्यावर थांबतील तर भाऊ कसले! चर्चच्या धर्मशास्त्राला त्यांनी स्वतःचं पोटकलम जोडलं: आपण तरी विचारायचं. आता लस वासराच्या अंगावर तयार होते, असं मी ज्ञान पाजळलं.

"वासरं माह्या हद्दीत येत नाई," ते गंभीरपणे म्हणाले.

चांदूर रेल्वेजवळच्या एका खेड्यात साथ आली. मामाकडे वाढणारी पोरकी सखू, वय सात. दोन घरं सोडून मुडदा उठलेला. तिला विचारलं, तर म्हणाली, "नाई."

जीपमधून आमचे साहेब ओरडले, "पास्कल, धरून टोच!" मी तत्परतेनं तिला धरलंही. पदवीचा तेवढा तरी उपयोग.

"सोड तिले, बी.ए.!"

भाऊ तिच्यापुढं मातीत बसले. "काहून नाई?"

"मायलेबी टोचलं होतं. मेलीच ते."

"उशिरा टोचलं असन, बाई. रोग अंगात शिरल्यावर लस हरते."

"दुखते काय?"

मामा, मामी आणि मी एका सुरात ओरडलो, "नाई!"

"दुखते," भाऊ म्हणाले. "फोड येते, तापबी येते. पन जगशीन."

साहेबांनी नोकरीवरून काढायची धमकी दोनदा दिली. भाऊ हलले नाहीत. सखूनं आम्हा सगळ्यांची तोंडं पाहिली, भाऊंचं जरा जास्त वेळ. मग बाही वर सारली.

आठव्या दिवशी फोड उठला का ते पाहायला जावं लागे. देवी टोचणारा दिसला की गावं दारं लावून घेत, पोरं कडब्यात दडत. आम्ही पोचलो तर सखू गावाबाहेर एकटीच उभी, दंड उघडा टाकून.

"कवाचा टाइम झाला! सकाळपासून उभी हावो मी," ती भाऊंवर डाफरली.

फोड छान उठला होता. पाहायला अर्धं मिनिट पुरे. पण भाऊ तिच्याशेजारी शेताच्या धुऱ्यावर बसले ते बसलेच. मी परतीच्या गाडीची आठवण करून दिली.

"थांब ना बाप्पा," ते हळूच म्हणाले. "पन्नाशी उलटली माही. आपली कोनी वाट पायली त मंग काय करा लागते, हे माईतच नाई मले."