ढोके काकांची गाडी किती देते

नागपूरजवळच्या वाडीला मी खोली भाड्याने मागायला गेलो, तेव्हा घरमालकांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. त्यांनी मला अंगणातल्या धान्याच्या काट्यावर उभं केलं. वजन पुढे-मागे सरकवलं, चष्मा कपाळावर नेला आणि म्हणाले, "छप्पन्न. चालते. चप्पल काढली असती तर पंचावन्नच भरला असता."

मी साताऱ्याकडचा. अमरावती रोडवरच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात कारकून म्हणून लागलो होतो. मला वाटलं, इकडे भाडं वजनावर घेत असतील. मग काकू बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "घाबरू नका भाऊ. तुमी कधीमधी गाडीत बसान ना, म्हणून मोजून राहिले ते."

हे ढोके काका. एका सरकारी वर्कशॉपमधून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. आणि गाडी म्हणजे लिलावात घेतलेली आठ माणसांची जुनी स्टेशन वॅगन. उडालेला हिरवा रंग, मागे समोरासमोर दोन बाकं, आणि उंची अशी की काकूंना चढायला पाट ठेवावा लागे. घेतली तेव्हा घरात माणसं भरपूर होती. मी गेलो तोवर दोन्ही मुलगे नोकरीसाठी बाहेरगावी गेले होते आणि आठ माणसांच्या गाडीला घरात दोनच माणसं उरली होती.

काकांना जगात एकच प्रश्न पडे. गाडी किती देते? म्हणजे लिटरला किती धावते. रस्त्यात कोणी स्कूटरवाला भेटला तरी नमस्कार नंतर, आधी "किती देते गा?" समोरच्याने आकडा सांगितला की काका मान हलवत. "हे कागदावरचं झालं. रस्त्यावरचं सांग." त्या वर्षी पेट्रोल एकाएकी महाग झालं आणि लोकांनी आपापल्या गाड्या झाकून ठेवल्या. काका मात्र उजळले. इतकी वर्षं एकटेच ज्या गोष्टीचा विचार करत होते, तिचा विचार आता सगळं गाव करायला लागलं होतं.

त्यांच्या गाडीच्या कागदात लिटरला अकरा किलोमीटर लिहिलं होतं. ती देत होती सात. तेही काका स्वतः चालवत असले तर. हे ते कोणापासून लपवत नसत. "सात म्हणजे सात. खोटं बोलून टाकी भरते का?" मीटर मैलांचं, पेट्रोल लिटरचं, त्यामुळे गुणाकार-भागाकार सतत चालू. कधी जेवताना मध्येच घास थांबे, आणि काकू मला हळूच सांगत, "हिशेब चालू आहे. आता भाजी वाढू नका."

गाडी चालवण्याचे त्यांचे नियम होते. मे महिन्याच्या नागपुरातही काचा बंद, कारण काचा उघडल्या की वारा आत शिरून गाडीला मागे ओढतो. उतार दिसला की इंजिन बंद. ब्रेक शक्यतो नाहीच. "पेट्रोल जाळून वेग आणला अन् ब्रेक मारून धूळ केला, हा कोणता शहाणपणा?" त्यामुळे रस्त्यात नातेवाईक दिसले तरी गाडी थांबत नसे. काका काचेआडून हात करत, आणि नातेवाईक मागून पळत काहीतरी विचारत राहत.

एकदा काकूंना बहिणीकडे संत्र्यांची पेटी न्यायची होती. काकांनी पेटी उचलून पाहिली आणि परत ओट्यावर ठेवली. "वीस किलो आहे वं हे. इथंच खाऊन घेऊ."

"ऐकून राहिले का," काकू म्हणाल्या, "पोटात नेली काय अन् पेटीत नेली काय, वजन तेच."

काका विचारात पडले. असं त्यांना नोकरीत कोणी बोललं नव्हतं. पेटी गेली.

पण खरी मजा बाटलीच्या दिवशी. काका पुढच्या काचेजवळ एक लिटर पेट्रोलची बाटली बांधत, तिची नळी इंजिनाला जोडत आणि निघत. बाटली संपेल तिथे गाडी बंद पडणार, आणि मीटर सांगणार की एका लिटरला किती. पद्धत बिनचूक होती. फक्त ती कुठे बंद पडेल हे काकांच्या हातात नव्हतं. मी बरोबर असताना ती भर लकडगंजात, लाकडाच्या वखारीसमोर, हातगाड्यांच्या मधोमध बंद पडली. मागे भोंगे सुरू झाले. एक हमाल येऊन म्हणाला, "काय झालं काका, बिघडली का?"

"नाही गा," काका मीटरवर वाकून प्रसन्नपणे म्हणाले, "एकदम बरोबर बंद पडली."

दर रविवारी सकाळी ते एकटेच चाचणीला जात. रस्ता ठरलेला, कामठी-कन्हानवरून पारशिवनी आणि परत. मी एकदा विचारलं, पारशिवनीच का? ते म्हणाले, "सपाट रस्ता, एक मोठा पूल, थोडा चढ. चाचणीले असाच रस्ता पाहिजे." मला ते पटलं. त्यांचं म्हणणं कोणालाही पटे, कारण न पटलं तर ते पुन्हा पहिल्यापासून सांगत.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी काकू माझ्या खोलीशी आल्या. म्हणाल्या, "भाऊ, आज तुमी त्यायच्यासंग जा. एकटे नका जाऊ देऊ." का, ते सांगितलं नाही. मी गेलो. काकांनी मला नेलं. कन्हानचा पूल आला तरी ॲव्हरेजचा एक शब्द नाही.

पारशिवनीत शिरल्यावर एका कौलारू घरासमोर, चिंचेखाली, त्यांनी गाडी उभी केली आणि बॉनेट उघडलं. "इंजिन तापलं. थंड व्हाले वेळ लागते." मी वाकून पाहिलं. पहाटेच्या गारठ्यातून आलेल्या त्या इंजिनातून ना वाफ येत होती, ना करपल्याचा वास.

घरातून एक बाई तांब्या घेऊन बाहेर आली. पंचविशीची, पोटुशी, दिवस भरत आलेले. सावकाश चालत गाडीपाशी आली. नाक अगदी काकांचं.

"बाबा, रेडिएटरले पाणी आणलं."

काकांनी तांब्या घेतला, तिच्याकडे न बघता. रेडिएटरमध्ये घोटभर पाणी गेलं. उरलेलं ते स्वतः प्यायले.

"किती दिलं आज?" तिने विचारलं.

"सातच्या थोडं वर."

"चांगलं आहे."

काकांना मुलगी आहे, हे मला त्या क्षणी कळलं. काका मागच्या चाकाकडे गेले, तेव्हा तिनेच हळू आवाजात सांगितलं. ती शोभा. इथल्या शाळेत शिकवायला आली आणि इथल्याच एका शेतकऱ्याच्या मुलाशी तिने लग्न ठरवलं. काकांनी तिच्यासाठी इंजिनियर पाहून ठेवला होता. लग्नाच्या दिवशी ते म्हणाले, तुझ्या घराची पायरी मी चढणार नाही. "तीन वर्षं झाली भाऊ. पायरी चढले नाहीत. पण दर रविवारी गाडी इथंच तापते. आधी पंधरा मिनिटात थंड होत होती. आता एक तास लागते."

काका परत आले. बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि तिथूनच, इंजिनाशी बोलावं तसं बोलले. "मागचं बाक बदललं म्या. कापूस भरून घेतला. झोपून गेलं तरी धक्का लागत नाही."

शोभाला समजलं. मलाही समजलं. पहिलं बाळंतपण माहेरी.

"मले यायचं आहे बाबा," ती म्हणाली. "पण सासूबाईले विचारा लागन. माहेरच्यायनं विचारा लागते ते."

"तूच सांगून दे ना त्यायले."

"नाही बाबा. तुमी विचारा."

काकांनी खिशातून फडकं काढलं आणि हात पुसू लागले. एकेक बोट पुसलं. वर्कशॉपमध्ये शेकडो इंजिनं उघडलेला माणूस, पण चार पायऱ्यांकडे बघत उभा होता. तेवढ्यात दारात एक म्हातारी आली. शोभाची सासू. डोक्यावरचा पदर सारखा करत शांतपणे म्हणाली, "या ना व्याही. तीन वर्षांपासून दर रविवारी तुमच्या नावाचा चहा ठेवून राहिली मी. अन् मीच पिऊन राहिली. आता मले ॲसिडिटी झाली."

काका हसले नाहीत. त्यांनी फडकं माझ्या हातात दिलं, चपला काढल्या आणि पायऱ्या चढून आत गेले. मागोमाग शोभाही गेली.

मी चिंचेखाली थांबलो. आतून कपबशीचा आवाज आला. आणि मग काकांचा आवाज आला. फोरमनचा नव्हता तो. दार लोटताना आवाज होऊ नये म्हणून जपावं, तसा होता.

"पोरीले घेऊन जाऊ का जी?"

"तुमचीच आहे ते," म्हातारी म्हणाली. "न्या."

 मग शोभा एकटीच दारात आली. तिने पदराने आधी एक डोळा पुसला, मग दुसरा, आणि मला म्हणाली, "भाऊ, बॉनेट लावून घ्या. निघाचं आहे आपल्याले."