जावयाच्या सायकलला मडगार्ड

पोस्टातून निवृत्त झाल्यापासून प्रकाश अमृतकरांच्या पान्यातून घरातली एकही वस्तू सुटली नव्हती. पंखा झाला, बाथरूमचा नळ झाला, शेजाऱ्यांची बेल झाली. त्यातल्या काही अजून चालूही होत्या.

त्यामुळे ऐन पावसाळ्यात जावई ओंकार सुरतेतल्या अडाजणहून सासुरवाडीला उधन्यापर्यंत सायकल मारत आला आणि त्याच्या पांढऱ्या शर्टावर कमरेपासून मानेपर्यंत चिखलाची सरळ रेघ दिसली, तेव्हा प्रकाशरावांना वाईट वाटण्याऐवजी हुरूपच आला. सायकल जुनी होती. खाली वळलेल्या हँडलची, काटकुळी रेसर. मडगार्डचा पत्ता नाही. अधिक महिना चालूच होता, रविवारी जावयाला धोंड्याचं जेवण होतं. वाणात अनारसे सगळेच देतात. आपण मडगार्ड द्यायचे, तेही स्वतःच्या हातांनी बसवून.

दुकानदाराने सायकल कुठली ते विचारलं, चाकाचं माप विचारलं. सायकल ती सायकल, तिला काय माप, असं म्हणून प्रकाशराव चकचकीत जोडी घेऊन आले आणि ती त्यांनी पलंगाखाली लपवून ठेवली.

रविवारी ओंकार अकरा धोंडे जेवला. त्यातले सहा सासूबाईंच्या आग्रहाचे होते. सोफ्यापर्यंत चालणंही त्याला जड गेलं, म्हणून हॉलमध्ये जमिनीवरच गादी टाकली आणि तो पडल्या पडल्या घोरू लागला. लेक श्वेता आईशी गप्पा मारत आत बसली. प्रकाशराव मडगार्ड काखेत मारून हळूच खाली पार्किंगमध्ये उतरले. अर्ध्या तासाचं काम होतं.

अर्ध्या तासाने त्यांना एवढंच कळलं, की टायर आणि ब्रेक यांच्यामधून धड करंगळीही जात नाही, मग मडगार्ड कुठून जाणार. शिवाय त्याच्या सळ्या अडकवायला या सायकलला भोकंच नव्हती. शेवटी त्यांनी तळमजल्यावरच्या गजेंद्रला उठवलं. गजेंद्र साड्यांवर भरतकाम करणाऱ्या मशीनचा मेकॅनिक. त्याने डोळे चोळत सायकलभोवती एक चक्कर मारली.

“काका, थई जशे, होऊन जाईल,” तो म्हणाला, आणि करवत घेऊन आला.

ब्रेक जिथे आडवा येत होता, तिथे त्याने दोन्ही मडगार्डांचे दोन दोन तुकडे केले. सळ्या बांधायला नळीवर आवळायच्या गोल क्लिपा हव्या होत्या, चार. गजेंद्रच्या पेटीत दोन निघाल्या. उरलेल्या दोन प्रकाशरावांनी घरी जाऊन वॉशिंग मशीनच्या नळीवरून काढल्या. नळी तशीही घट्टच दिसत होती.

इकडे ते खाली शेवटचा स्क्रू पिळत असताना सुनंदाबाईंनी जेवणाचे रुमाल मशीनमध्ये टाकले, पाण्याचा नळ सोडला आणि पुन्हा लेकीशी बोलायला बसल्या. नळी सुटली. पाणी स्वयंपाकघरातून निघालं, उंबरा चढलं आणि हॉलमध्ये शिरलं. ओंकारला स्वप्नात आपण डुमसच्या समुद्रात पोहतोय असं वाटत होतं. जागा झाला तेव्हा गादी भिजली होती आणि चिखल नव्हता एवढंच, बाकी पाठ मानेपर्यंत चिंब होती.

पंधरा मिनिटांनी तो सासऱ्यांचा लेंगा घालून खाली आला. प्रकाशराव घामाघूम होऊन सायकलजवळ उभे होते. चार तुकडे, चार क्लिपा, मागे लाल रबरी झालर. ही सायकल ओंकारने दोन वर्षं शोधून नवसारीच्या एका म्हाताऱ्याकडून मिळवली होती आणि तिच्यावर एक जादा स्क्रू चालवून घेतला नव्हता, हे श्वेताला ठाऊक होतं. ती जमिनीकडे बघत राहिली.

ओंकारने मागची लाल झालर बोटाने हलवून पाहिली. मग लेंग्याची नाडी सावरत म्हणाला, “छान झालंय, बाबा. पाठ आता कोरडी राहील.”

चाकाला घासणाऱ्या मडगार्डांचा खर्र खर्र आवाज करत तो सायकलवरून गेटबाहेर गेला, तेव्हा प्रकाशरावांना इतका आनंद झाला, की सुनंदाबाईंची बोलणी त्यांनी हॉल पुसता पुसता हसत ऐकून घेतली.

पुढच्या रविवारी जावई पुन्हा येणार होता. पाऊस भुरभुरत होता. प्रकाशराव त्याची वाट बघत गॅलरीत उभे होते. कोपऱ्यावरच्या बंद दुकानाच्या छपराखाली त्यांना ओंकार दिसला. सायकल उलटी करून तो उकिडवा बसला होता. बाजूला पिशवी. पिशवीतून त्याने मडगार्डचा एक चकचकीत तुकडा काढला, शर्टाला पुसला आणि पाना घेऊन बसवू लागला.

प्रकाशराव चटकन पडद्याआड झाले.

“आले का हो? चहा टाकू?” आतून सुनंदाबाईंनी विचारलं.

“इतक्यात नको,” प्रकाशराव हळू आवाजात म्हणाले. “त्याचं अजून मागचं बसवायचंय.”