सामंतकाकांची हाक

ओसाड इमारतीच्या दाराशी गेल्यावर सामंतकाका आधी चपला काढतात. मग खाकरून हाक मारतात, "आहे का कुणी घरात?" आतून उत्तर येत नाही. येणार कुठून? गच्चीवर पिंपळ उगवलेला असतो, दारं-खिडक्या भंगारवाल्यांनी नेलेल्या असतात. काका मिनिटभर वाट बघतात आणि समोर घडीचं स्टूल टाकून चित्र काढायला बसतात.

ते स्टूल बहुतेक वेळा मी वाहिलेलं असतं. मी त्यांचा शेजारी, डोंबिवलीतल्या आमच्या तीन मजली बिल्डिंगचा सेक्रेटरी, म्हणजे सगळ्यांचा हक्काचा हमाल. काका निवृत्त ड्रॉइंग मास्तर. गुडघे त्यांचे दुखतात आणि रविवार माझा जातो.

बाळकुमला एका बंद चाळीसमोर त्यांनी अशीच हाक मारली, तर शेजारची म्हातारी बाहेर आली. "आवो बाबा, आत कोन नाय. कवाच गेली सगली."

"माहीत आहे हो," काका म्हणाले, "पण न विचारता कसं बसायचं?"

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्यावरच्या रिक्षा बघायला लागलो.

पडकी, मोडकळीला आलेली असले शब्द त्यांच्यापुढे काढायची सोय नाही. "दमलीय बिचारी," एवढंच म्हणायचं. "तू ऑफिसातून येतोस तेव्हा तुला कुणी पडका म्हणतं का?" माझी बायको याहून वाईट म्हणते, पण ते मी सांगितलं नाही.

माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी आहेर म्हणून आंबिवलीजवळच्या एका रिकाम्या कामगार-वसाहतीचं चित्र दिलं, चांगली फ्रेम करून. विहीणबाई बघत राहिल्या. "छान आहे. पण भिंतीला तडा गेलाय. आणि माणूस कसं नाही एकही?"

"माणसं गेली म्हणून तर दमली ना ती," काका खुशीत म्हणाले. ते चित्र सध्या मुलीच्या कपाटामागे असतं. तिनं ते हॉलमध्ये लावलंय असं मी काकांना सांगितलंय.

मग आमचीच बिल्डिंग पाडायची ठरली. मीटिंगा, सह्या, भांडणं, पुन्हा मीटिंगा. मी इतका थकलो की शेवटचं कुटुंब बाहेर पडलं तेव्हा वाईट वाटायचंही राहून गेलं. आम्ही टिटवाळ्याला भाड्यानं गेलो, काका आंबिवलीला एका खोलीत. सोमवारपासून तोडकाम सुरू होणार होतं. शनिवारी काकांचा फोन आला, "सेक्रेटरी, आपली राहिली."

रविवारी सकाळी मी स्टूल घेऊन हजर. काकांनी जिन्यापाशी चपला काढल्या, खाकरले, आणि तसेच उभे राहिले. मग येऊन स्टुलावर बसले. कागद कोराच. पुन्हा उठले, पुन्हा चपला काढल्या, पुन्हा आले. असं तीनदा.

"काका, ऊन चढतंय."

"हाक निघत नाही रे. इथे ओ देणारं माणूस होतं."

काकू जाऊन नऊ वर्षं झाली. पण रोज संध्याकाळी कुलूप काढताना काका विचारायचे, "आहेस का गं?" आमच्या भिंतीतून स्पष्ट ऐकू यायचं. आपल्याला ऐकू येतंय हे त्यांना कळू नये, म्हणून मी टीव्हीचा आवाज वाढवायचो. नऊ वर्षं वाढवला. एकदाही उठून त्यांच्या दाराशी गेलो नाही. त्या उन्हात मला त्याची फार लाज वाटली.

मी आत गेलो आणि जिना चढलो. दुसरा मजला येईपर्यंत धाप लागली. काकांच्या घराला दार नव्हतं. चपला बाहेर काढल्या आणि स्वयंपाकघरात, काकू जिथे उभ्या असायच्या त्या खिडकीशी गेलो. "काका, मारा हाक!"

मग खालून बारीक आवाज आला, "आहे का कुणी घरात?"

"ओ!" मी ओरडलो. "आहे! बसा खुशाल!"

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. स्टुलावर बसले. पेन्सिल हातात घेतली आणि वर बघून शाळेतल्या आवाजात म्हणाले, "आता तिथेच उभा राहा. खिडकीतून हलायचं नाही."

जेवणाची वेळ टळून गेली तरी मी हललो नाही.